मुख्य सर्जन

मंदाच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला, तेव्हा मी दोडक्याच्या शिरा काढत होतो. दार लोटलेलं होतं आणि ती फोनवर होती. एकदा हसली, थांबली, मग पुन्हा मनापासून हसली. ते हसू माझ्या चांगल्या ओळखीचं होतं, पण गेली काही वर्षं ते माझ्या वाट्याला आलेलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा मी मान वर न करता विचारलं, "खानविलकर का?"

"हो."

"एवढं काय हसण्यासारखं झालं?"

"काही नाही रे. सर समितीतल्या एकाची नक्कल करत होते."

"कुणाची?"

"ते नाही सांगता यायचं." तिनं ताटातला एक दोडका उचलून बघितला. "सालं जाड काढतोयस. अर्धा दोडका टाकून देशील."

मी सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, "मग तूच काढ." ती निमूटपणे पाटावर बसली आणि अशा बेतानं साल काढायला लागली की पलीकडचा उजेड सालातून दिसावा. तिचे हात तसेच होते, आणि मला त्या हातांचाही राग यायचा.

मी आणि माझी बायको मंदाकिनी, दोघंही सर्जन. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आम्ही आतड्याचं प्रत्यारोपण सुरू केलं. तेव्हा हे काम करणारी माणसं राज्यात बोटांवर मोजण्याइतकी होती. एखाद्याचं लहान आतडं सडून गेलं, अपघातात कापावं लागलं, की तो माणूस खाऊन जगू शकत नाही. त्याला शिरेतून अन्न द्यावं लागतं, आणि शिरा संपल्या की सगळं संपतं. अशा माणसाला मेंदू मृत झालेल्या दात्याचं आतडं बसवायचं. विभागप्रमुख मी होतो. वर्तमानपत्रांत फोटो माझा यायचा आणि त्याखाली लिहिलेलं असायचं, 'डॉ. विश्राम निगुडकर व त्यांचा चमू'. मंदा त्या चमूत होती. ती कधी तक्रार करायची नाही. तिला त्यात काही वाटत नाही, असं मी धरून चाललो होतो.

मग आतड्याच्या प्रत्यारोपणासाठी राज्यभर एकच नियम करायचे ठरले. कोणत्या हॉस्पिटलाला परवानगी द्यायची, सर्जनचा अनुभव किती हवा, नर्स, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ कोणत्या तयारीचे हवेत, हे ठरवायला एक समिती नेमली. डॉ. खानविलकर अध्यक्ष होते. आम्हा दोघांना त्यांनी शिकवलं होतं. समितीवर घेतील म्हणून मी माझी माहिती आधीच पाठवून दिली होती. नेमणुकीचं पत्र आलं ते 'डॉ. एम. व्ही. निगुडकर' या नावानं. व्ही पाहिला आणि मी पाकीट फोडलं. एम ही टायपिस्टची चूक असणार असं समजून मी ते पत्र हॉस्पिटलात दोघांतिघांना दाखवलंसुद्धा. दुपारी खानविलकरांच्या कचेरीतून फोन आला की मॅडमना पत्र मिळालं का.

त्या दिवसापासून आमच्या घरात समिती राहायला आली.

महिन्यातून एकदोनदा मंदा मुंबईला जायची. पहाटे आवरून, कडक इस्त्रीची साडी नेसून, केसांना छोटीशी पिन लावून. लग्नानंतर तिनं केसांना पिन लावलेली मला आठवत नव्हती. सदस्यांनी मसुदा जाहीर होईपर्यंत बाहेर चर्चा करायची नाही, असं ठरलं होतं. ती ते अक्षरशः पाळायची. परत आली की मी विचारायचो, कसं झालं? ती म्हणायची, बरं झालं. जेवण काय होतं? तिथे पुरणपोळी होती, म्हणायची. मला पुरणपोळीचाही हेवा वाटायचा.

एकदा चहा पिताना तिनं विचारलं, "बायॉप्सीचा रिपोर्ट आपल्याकडे पॅथॉलॉजी किती वेळात देते रे? घाईची असली तर?"

"का? समितीला हवंय?"

"हो."

"मग समितीलाच विचार. गुप्त कामात मी कशाला पडू?"

तिनं कप ठेवला. "विश्राम, एका पेशंटचं आतडं शरीर नाकारायला लागलं, आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला तर काय होतं ते तुला ठाऊक आहे. नियमात वेळ घालायची आहे. सांगतोस का?"

"त्याच दिवशी देतात," मी म्हणालो. "संध्याकाळच्या आत. मी डोक्यावर बसतो म्हणून."

"तेच लिहीन," ती म्हणाली. "डोक्यावर बसणारा माणूस हवा, हे मात्र नियमात कसं बसवायचं कळत नाही."

ती हे गमतीनं म्हणाली की कौतुकानं, हे मी तेव्हा विचारलं नाही. मला त्यात टोमणाच ऐकू आला.

हॉस्पिटलातही मला सगळं वेगळं दिसायला लागलं. सकाळी राउंडला सिस्टर आधी कुणाकडे बघतात, ते मी बघायचो. शंका विचारायला मुलं कुणाच्या टेबलाशी थांबतात, तेही. थिएटरमध्ये आमची कामाची वाटणी ठरलेली होती. जुनं आतडं सोडवून काढायचं काम माझं. मग दात्याच्या आतड्याची धमनी आणि शीर पेशंटच्या वाहिन्यांना जोडायचं काम मंदाचं. त्यानंतर आतड्याची तोंडं एकमेकांना जोडणं, पुढे तपासता यावं म्हणून पोटावर आतड्याचं एक तोंड काढून ठेवणं, पोट बंद करणं हे पुन्हा माझं, आणि पुढचे महिनोन्‌महिने पेशंटही माझा. पूर्वी मंदा टाके घालायला लागली की मी भूलतज्ज्ञाशी गप्पा मारायचो. आता मी गप्प उभा राहून तिचे टाके बघायला लागलो. केसाएवढा दोरा, आणि कुठेही घाई नाही. तिला मी कधी 'वा' म्हटल्याचं आठवत नाही.

मसुदा जाहीर झाला त्या दिवशी रविवार होता. तिनंच त्याची प्रत जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली.

"आता बोलता येईल," ती म्हणाली. "वाच."

मी सावकाश वाचत गेलो. नर्सचं प्रशिक्षण, आहारतज्ज्ञ, रिपोर्टची वेळ. 'त्याच दिवशी' हे माझे शब्द तिथे होते. मग सर्जनचं कलम आलं. प्रत्येक केंद्राला एक मुख्य सर्जन हवा. एक ऑपरेशन एकाच मुख्य सर्जनच्या अनुभवात धरलं जाईल. आणि ज्यानं त्या ऑपरेशनात रक्तवाहिन्या स्वतःच्या हातानं जोडल्या, तोच त्याचा मुख्य सर्जन. बाकी सगळे सहायक.

मी ते कलम पुन्हा वाचलं. आमच्याकडे आजवर झालेल्या सगळ्या प्रत्यारोपणांत वाहिन्या कुणी जोडल्या होत्या, हे सांगायला कागद बघायची गरज नव्हती. या कलमानं एका वाक्यात माझी सगळी कमाई मंदाच्या खात्यात गेली होती. केंद्र चालायचं तर तिच्या नावानं. विभागप्रमुख मी, आणि नियमानुसार तिचा मदतनीस.

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

खोटं बोलायला तिला पुरेसा वाव होता. समितीचं काम गुप्त होतं, बैठकीतलं कुणी बाहेर सांगत नव्हतं.

"मी," ती म्हणाली.

"तू."

"हो. शब्द माझेच आहेत."

"आणि लिहिताना मी आठवलो नाही तुला?"

"आठवलास ना. सगळ्यात आधी तूच आठवलास. तरी लिहिलं."

"का?"

"कारण नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचे, असं चाललंय सगळीकडे. मोठं नाव ऐकून लोक येतात, आणि टाके घालतो कालपरवा शिकलेला पोरगा. शीर गुठळीनं बंद झाली की आतडं काळं पडतं, आणि मोठं नाव तेव्हा विमानात असतं. आपल्याकडे तसं नाही, मला माहीत आहे. पण नियम काही आपल्या घरापुरता लिहायचा नव्हता."

"आपल्याकडे तसं नाही म्हणतेस, आणि त्यातच मला बसवतेस?"

मी उठलो, आणि उठताना माझी खुर्ची पडली. ती उचलायला आम्हा दोघांपैकी कुणीच वाकलं नाही. संध्याकाळी कामवाल्या बाई आल्या आणि त्यांनीच ती उचलून ठेवली.

त्यानंतरचे दिवस मी फार बारकाईनं जगलो. ती खानविलकरांशी बोलताना 'सर' कसं म्हणते, ते ऐकायचो. मसुद्यातली बाकीची वाक्यं तिची कुठली असतील, ते शोधायचो. एकदा तिनं टेलिफोनवर कुणाला तरी सांगितलं, "नाही हो, माझं काय, आम्ही दोघं मिळूनच करतो," आणि मला वाटलं, हा मोठेपणा आता ती मला भिकेसारखा देणार. भांडण मात्र झालं नाही. आमच्यात भाजी, गॅस, धोबी एवढंच बोलणं उरलं होतं.

मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या. मी हरकत लिहायला बसलो. आयुष्यात मी इतकं नेटकं काही लिहिलं नसेल. पहिल्या परिच्छेदात म्हटलं, शस्त्रक्रिया म्हणजे शिवणकाम नव्हे, मुख्य तो जो निर्णय घेतो. दुसऱ्यात लिहिलं की वाहिन्या जोडून झाल्या म्हणजे प्रत्यारोपण झालं असं नाही. खरी लढाई पुढे वर्षभर असते. पोटावरच्या तोंडाचा रंग रोज बघणं, दर आठवड्याला दुर्बीण घालून तुकडा तपासणं, औषध वाढवायचं की कमी करायचं, बसवलेलं आतडं वाचत नसेल तर ते काढून टाकायचं धाडस कधी करायचं. हे सगळं करणारा माणूस मसुद्यात कुठेच नाही. तिसऱ्या परिच्छेदात मी आमच्या हॉस्पिटलाचा उल्लेख करून, कुणाचंही नाव न घेता, कुणालाही कळेल अशा शब्दांत सांगितलं की केवळ टाक्यांवरून मोजलं तर केंद्र उभं करणारा माणूसच बाहेर पडतो.

हरकती समितीच्या सगळ्या सदस्यांकडे जायच्या. म्हणजे मंदाकडेही. तिनं माझी वाचली असणार. घरी मात्र अक्षरही काढलं नाही.

सुनावणी मुंबईला होती. आम्ही एकाच गाडीतून गेलो, मी चालवत, ती शेजारी डोळे मिटून. आत गेल्यावर ती समितीच्या बाजूला बसली, मी हरकतदारांच्या. ज्या सदस्याच्या हॉस्पिटलाची हरकत असेल त्यानं त्या कलमावर बोलायचं नाही, असं खानविलकरांनी सुरुवातीलाच सांगितलं. मंदानं मान हलवली.

माझ्या आधी डॉ. मोहोळकर उभे राहिले. रणजित मोहोळकर म्हणजे तेव्हाचं फार मोठं नाव. उंचापुरा, देखणा, बोलण्यात वाकबगार. त्यांच्याकडची ऑपरेशनं त्यांची मुलं करतात आणि सर शेवटी येऊन हात धुतात, असं आमच्या धंद्यात सगळे म्हणायचे. उघड कुणी म्हणत नव्हतं.

"अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "शस्त्रक्रिया म्हणजे काही शिवणकाम नव्हे. मुख्य तो जो निर्णय घेतो."

माझ्या हातातल्या कागदावर तेच वाक्य होतं, जवळजवळ जसंच्या तसं. मी कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

मोहोळकर बोलत राहिले. सेनापती स्वतः तलवार चालवतो का, वगैरे. मग एकदम माझ्याकडे वळले.

"हे निगुडकर बसलेत. पुण्याचं केंद्र यांनी उभं केलं. यांच्या पत्नीही यांच्याबरोबर काम करतात, टाके घालून देतात. चांगले घालतात म्हणे. पण उद्या कुणी म्हणालं की केंद्र त्या बाईंचं, तर हसेल की नाही कुणी?"

दोघंतिघं खरंच हसले. मोहोळकर माझी साथ मिळणार असं धरून माझ्याकडे बघत होते. मंदा समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होती. तिचा चेहरा हलला नाही, पण कान लाल झाले होते. तिचे कान फक्त अपमानानं लाल होतात, हे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

इतके महिने मी जे मनात म्हणत होतो, तेच तो माणूस मोठ्यानं म्हणाला होता. आणि मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं.

"डॉ. निगुडकर," खानविलकर म्हणाले, "तुमची हरकत."

मी उभा राहिलो. "सर, दात्याचं आतडं बर्फातून काढल्यावर ते पांढरंफटक असतं. वाहिन्या जोडून होईपर्यंत त्यात रक्त नसतं. त्या वेळात हात थरथरला, एक टाका वाकडा पडला, तर आधीची आणि नंतरची सगळी मेहनत मातीत जाते. आधीचं आणि नंतरचं काम मी करतो. ते करू शकतील असे सर्जन या राज्यात बरेच आहेत. मधलं काम डॉ. मंदाकिनी निगुडकर करतात. ते त्यांच्यासारखं करणारे किती, ते मला माहीत नाही. या खोलीत तरी मला दुसरं कुणी दिसत नाही. कलम आहे तसंच ठेवा. मी हरकत मागे घेतो."

मी बसलो. आपण काहीतरी मोठं केलं असं वाटत होतं. मंदाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, पण माझ्या अपेक्षेतलं काहीच तिच्या नजरेत नव्हतं. ती घाबरल्यासारखी दिसत होती.

मोहोळकर अजून उभेच होते. राग त्यांनी गिळला आणि हसून म्हणाले, "ठीक आहे. निगुडकरांनीच कबूल केलं म्हटल्यावर माझा आग्रह नाही. मी स्वतः वाहिन्या जोडेन. टाके काही मी विसरलेलो नाही. मग अध्यक्ष महाराज, मी नाशिकला जाऊन जोडले, कोल्हापूरला जाऊन जोडले, तर तिथलाही मुख्य सर्जन मीच ना?"

खानविलकरांनी मसुदा चाळला. "सध्याच्या शब्दांप्रमाणे, हो."

"आणि जोडून झाल्यावर परत यायला हरकत नाही?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग उत्तम," मोहोळकर म्हणाले आणि बसले. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

परतताना घाट चढलो. लोणावळ्याच्या अलीकडे चहासाठी थांबलो. उन्हात लोखंडी टेबलं तापली होती. ती वडापाव घेऊन आली आणि त्यातली मिरची काढून नेहमीसारखी माझ्या ताटलीत ठेवली.

मला राहवलं नाही. "तू काहीच म्हणाली नाहीस."

"कशाबद्दल?"

"मी जे बोललो त्याबद्दल."

"चांगलं बोललास," ती म्हणाली. "मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोललास, आणि तेही परक्या माणसांसमोर."

"मग?"

"मग काय? मला बरं वाटावं म्हणून तू हरकत मागे घेतलीस."

"त्या मोहोळकराच्या पंगतीत बसायचं होतं का मी?"

"विश्राम, तुझ्या हरकतीतला दुसरा परिच्छेद वाचलास का तू?"

"मीच लिहिलाय तो."

"लिहिलायस. वाचला नाहीस." तिनं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "वर्षभर पेशंटला सांभाळणारा माणूस कोण, हा मुद्दा मी समितीत दोनदा मांडला. दोनदा हरले. नियम फार अवघड होईल, केंद्रं सुरूच होणार नाहीत, असं म्हणाले. खानविलकर सर सगळ्यात जास्त विरोधात होते."

"खानविलकर? तुझे?"

"माझे कसले? ते मला सारखे फोन करायचे ते हा मुद्दा सोडून दे म्हणून. गोड बोलून. नकला करून." ती हसली नाही. "बाहेरून सबळ हरकत आली तरच मुद्दा पुन्हा उघडायचा, असं ठरलं होतं. इतक्या हरकती आल्या, पण तो मुद्दा एकानंच लिहिला होता. मी वाचला आणि म्हटलं, चला, आता होईल. तुला सांगणं मला शक्य नव्हतं. आणि तू उभा राहिलास आणि माझ्यावर भाषण केलंस."

रस्त्यावरून एक कंटेनर घरघरत चढ चढत होता. तो दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"तुझ्या कलमानं मोहोळकरच आत आला," मी म्हणालो.

"अर्ध्या कलमानं. पूर्ण झालं असतं तर नसता आला." तिनं हात पुसले. "मला मोठं करायला मी तिथे बसले नव्हते. तुला लहान करायला तर नव्हतेच. तू लिहिलंस तेव्हाही ते माझ्यामुळे, मागे घेतलंस तेव्हाही माझ्यामुळे. त्या कागदात तुझा पेशंट होता रे."

मी चहा तसाच ठेवला.

"लेखी म्हणणं द्यायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे," ती उठत म्हणाली. "पुन्हा लिही. मला वगळून लिही. आणि स्वतःलाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिहायला बसलो. पहिला आणि तिसरा परिच्छेद काढून टाकला. राहिला तेवढा दुसरा, आणि तो एकटाच फार लहान दिसायला लागला. मग मी त्यात आमचे पेशंट घातले. चांगले झालेले नव्हे, गेलेले. कुणाच्या आतड्याचा रंग आम्ही उशिरा ओळखला, कुणाचं काढून टाकायला हवं होतं आणि आशेनं ठेवलं, कुणी सुट्टीच्या दिवशी ताप घेऊन आला आणि सुदैवानं मी गावातच होतो. शेवटी सुचवलं की प्रत्येक केंद्रात मुख्य सर्जनखेरीज आणखी एक सर्जन नेमावा. त्यानं त्याच गावात राहावं, दुसऱ्या कुठल्याही केंद्राचं काम घेऊ नये, आणि बसवलेल्या आतड्याची वर्षभराची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या नावावर असावी. त्याच्याशिवाय परवानगी देऊ नये.

मंदानं ते वाचायला मागितलं नाही. मीही दिलं नाही.

महिन्याभरानं खानविलकरांचा फोन आला, या वेळी मला. "निगुडकर, तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. पण समितीला पटलं. मताला टाकलं आणि मी हरलो. तुझी बायको भारी चिवट आहे."

"माहीत आहे, सर," मी म्हणालो.

नियम लागू झाले. मोहोळकरांनी नाशिकचा आणि कोल्हापूरचा बेत सोडला. पुढे वर्षभर त्या गावात राहील असा सर्जन त्यांना मिळाला नाही. आमच्या हॉस्पिटलाची परवानगी नव्यानं निघाली. मुख्य सर्जन म्हणून डॉ. मंदाकिनी निगुडकर, आणि दुसऱ्या जागेवर मी. ट्रस्टच्या लोकांनी छोटासा कार्यक्रम केला आणि हार आधी तिच्या गळ्यात घातला. मी टाळ्या वाजवल्या. माझा मत्सर संपला असं मी सांगितलं तर मला जवळून ओळखणारी माणसं हसतील. तो मला चांगलाच जाचला, फोटो काढताना तर फारच. फक्त आता त्याच्याबरोबर राहता येत होतं, जुनी पाठदुखी घेऊन माणूस कामाला जातो तसं.

नव्या नियमांखालचं पहिलं प्रत्यारोपण पावसाळा सरल्यावर झालं. पेशंट बावधनच्या एक शिक्षिका होत्या, कुंदा जायगुडे. आतड्याला पीळ पडून जवळजवळ सगळं लहान आतडं गेलेलं. दीड वर्षात त्यांनी तोंडानं घासभर अन्न घेतलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी आम्हा दोघांना विचारलं, "तुमच्यातले मोठे डॉक्टर कोण?" मी तोंड उघडायच्या आत मंदा म्हणाली, "आज मी. उद्यापासून हे."

मी माझं काम करून बाजूला झालो. मंदा माझ्या जागी आली. पायाखाली चौरंग घेऊन उभी राहिली. धमनी झाली, शीर झाली. मी तिच्या डाव्या बाजूला उभा राहून दोरा धरला होता. तो धरायला खरं तर शिकाऊ डॉक्टर पुरला असता.

"काढते," ती म्हणाली, आणि एकेक करून तिनं वाहिन्यांवरचे चिमटे सोडले.

पांढऱ्या आतड्यात रक्त शिरलं. आधी कडेनं, मग सगळीकडे, आणि बघता बघता ते गुलाबी झालं. मग त्यातून एक लाट सरकली, आपली आपण, अगदी सावकाश. कुणीतरी मास्कच्या आत श्वास सोडला.

मंदानं टाक्यांवरून बोट फिरवून कुठे रक्त पाझरत नाही ना बघितलं. चौरंगावरून खाली उतरली आणि मला जागा करून दिली.

"आता तुझं," ती म्हणाली.

हातमोजे काढत ती दारातून बाहेर गेली, बहुतेक चहा प्यायला. तिनं मागे वळून बघावं असं मला फार वाटलं. मग मी आतड्यावर हात ठेवला. ते कोमट होतं आणि हलत होतं. सिस्टरनं विचारलं, "सर, सुई देऊ?" मी म्हटलं, "थांबा जरा," आणि हात तसाच ठेवून ते चालतंय ना, हे पुरतं बघून घेतलं.